एका अक्षराचा फरक

सिद्रामअण्णांना भाजी घेताना पाहणं ही आमच्या डेपोतल्या लोकांची करमणूक होती. तुळजापूरच्या बाजारात ते दोन हातांत दोन वांगी धरून उभे राहायचे. दोन्ही सारखीच जांभळी, सारखीच ताजी. तरी अण्णा देठ बघायचे, वजन जोखायचे, एक खाली ठेवायचे आणि तेच पुन्हा उचलायचे. भाजीवाली वैतागून म्हणायची, "मामा, दोन्ही घ्या की वो!" त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं. "असं कसं? नोडोण."

नोडोण म्हणजे कानडीत 'बघू या'. अण्णा जळकोटचे. घरात कानडी, गावात मराठी. रागावले की ते मराठीत बोलायचे आणि विचारात पडले की कानडीत. विचारात ते जवळजवळ कायमच असायचे.

ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. तुळजापूर-सोलापूरच्या लाल गाडीवर आमची जोडी तीन वर्षं होती. नोकरीतला माझा पहिलाच आठवडा चालला होता. तामलवाडीच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. अण्णा चांगले चार किलोमीटर त्याच्या मागे मागे चालले. गाडीतले लोक ओरडायला लागले, एकाने तर "बैलगाडी!" म्हणून हाक दिली. अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ओरडू द्या. आधी पुरतं बघायचं, मग काढायची." सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. लेकुरवाळ्या बाया स्टँडवर आधीची गाडी सोडून अण्णांच्या गाडीसाठी थांबायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचे आणखी दोन नियम होते. स्टेअरिंगवर बसले की मोबाइल माझ्या पिशवीत. कितीही वाजला तरी गाडी उभी राहीपर्यंत ते तो हातात घेत नसत. महत्त्वाचं असेल तर मी उचलायचा. दुसरा नियम म्हणजे, "गाडीतलं गाडीत, घरचं घरी." डेपोतली भांडणं, साहेबांची बोलणी, यातलं काहीही ते बायकोला, महादेवींना, सांगत नसत. "तिला उगं घोर कशाला?" असं म्हणायचे. नवऱ्याच्या कामावरची माणसं महादेवींना नावानंही माहीत नव्हती.

मुलगी मात्र दोन्हीकडे असायची. भाग्यश्री, म्हणजे भागू. एकुलती एक. सोलापुरात आर्किटेक्चर शिकत होती, तिथेच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. शनिवारी आमच्या गाडीने निघायची आणि अण्णांच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर बसायची. तिथून ती बापाशी कानडीत भांडायची आणि मला ऐकू यावं म्हणून मध्येच मराठीत यायची. बारीक चणीची, भुवया बापासारख्या जाड. तिने अण्णांचं नाव 'नोडोण अप्पा' ठेवलं होतं.

तिच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कंप्युटरचा विषय निघाला. इमारतींची चित्रं कंप्युटरवर उभी करायची, त्यात ऊन-सावली दाखवायची, असं तिचं काम होतं. खोलीवरच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नव्हतं. म्हणून ती कॉलेजच्या आधी सकाळी सकाळी दुसऱ्या भागात राहणाऱ्या मैत्रिणीच्या खोलीवर जायची आणि तिच्या मशीनवर काम करायची. अण्णांनी कंप्युटर घ्यायचं कबूल केलं. पैसेही बाजूला काढून ठेवले. सोलापूरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून मशीन तयार करून द्यायचं ठरलं. सगळं ठरलं, फक्त प्रोसेसर ठरेना.

भागूने एका कागदावर दोन प्रोसेसरांची नावं लिहून दिली होती. दोन्ही नावं सारखीच. एकाच्या शेवटी फक्त एक इंग्रजी अक्षर जास्त होतं, एफ. तो कागद अण्णांनी खाकी शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीत चढणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराला ते विचारायला लागले, "कंप्युटरमदलं कळतं का रं तुला?" पोरं खुशीत येऊन सांगायची. अण्णा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि स्टँड आला की पुढच्या पोराला विचारायचे.

महिन्याभरात त्यांना त्यातलं इतकं समजलं की त्यांनी मलाही समजावलं. सोलापूर स्टँडवर चहा पीत होतो. "बाई, प्रोसेसर म्हंजे इंजन. ही दोन्ही इंजनं एकाच ताकदीची. पण एकाला दिवे आतनंच जोडल्याले. गाडी चालू केली की फुडचं दिसतं. दुसरं एफवालं, त्याला आतनं दिवा न्हाय. बाहेरनं येगळं कार्ड आणून बसवावं लागतं. तवर पडदा काळाच."

"मग आतल्या दिव्याचं घ्या की," मी म्हणाले.

"तसंच म्या म्हणतो. भागू न्हाय म्हणती."

भागूचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या कामाला आतले दिवे पुरणारच नव्हते. बाहेरचं कार्ड आज ना उद्या लागणारच होतं. मग एफवाला थोडा स्वस्त पडतो तो घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांत भर घालून कार्ड लगेचच आणावं. एका शनिवारी हे भांडण माझ्यासमोर रंगलं.

"अप्पा, मला मोठे दिवे लावायचेतच ना? मग आतले मिणमिणते कशाला?"

"आन् कार्ड यायला येळ लागला तर? अंधारात बसणार का?"

"येईल की लगेच."

"न्हाय आलं म्हंजे?"

"अप्पा, तुम्ही सांगता ते पण बरोबर आहे आणि माझं पण बरोबर आहे. कुठलाही घ्या."

"असं कसं कुठलाबी?" अण्णा आरशात तिच्याकडे बघत म्हणाले. "येकदा बसवला की बसवला. नोडोण."

भागूने कपाळावर हात मारला. मी हसले. त्या वेळी आम्ही तिघंही हसलो होतो.

गणपती आले, गेले. मीही त्यात एक भर घातली. म्हणाले, "अण्णा, आता थांबलाच आहात तर दसऱ्यापर्यंत थांबा. सणाला दुकानात सूट असते." त्यांना ते पटलं. पण तुळजापूरच्या डेपोतल्या ड्रायव्हरला नवरात्रात कुठली सुट्टी! यात्रेच्या जादा गाड्या, डबल ड्युट्या, डोळ्याला डोळा नाही. दसरा असाच गेला, पौर्णिमेची गर्दीही उलटली. अण्णांनी दुकानात निवांत बसून ठरवायचं म्हणून नेमलेला दिवस दोनदा पुढे गेला.

त्याच सुमारास एका दुपारी, तामलवाडीला गाडी उभी असताना, भागूचा फोन आला. अण्णांनी तो माझ्याकडून घेतला आणि खाली उतरून झाडाखाली बोलायला लागले. सुरुवातीला कानडीत, मग मराठीत. मराठी ऐकल्यावर मी ओळखलं की बिनसलं आहे.

"तुला समजत न्हाय. घाईत घेतल्याली वस्तू..." एवढं बोलून ते थांबले. तिकडून बोलणं चालू असावं. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून बघितला. तिने ठेवून दिला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तुमचं नोडोण होस्तोवर माझं कॉलेज संपंल." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "रुसली. रुसू द्या. येईल ताळ्यावर."

पुढचे चार दिवस तिचा फोन आला नाही. अण्णांनीही केला नाही. पण प्रत्येक फेरीला, गाडी उभी राहिली की विचारायचे, "बाई, वाजला व्हता का?"

पाचव्या दिवशी आमची सकाळची फेरी होती. गाडी गच्च भरलेली. शाळेची पोरं, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. तामलवाडी सोडली आणि माझ्या पिशवीत अण्णांचा मोबाइल वाजला. नाव भागूचं होतं. मला बरं वाटलं, मनात म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. मी उचलला. पलीकडे भागू नव्हती. तिची मैत्रीण होती, जिच्या खोलीवर ती कामाला जायची ती. ती इतकी रडत होती की पहिल्यांदा काही कळेचना. मग कळलं. सकाळी सव्वासातला भागू स्कूटीवरून तिच्याकडे निघाली होती. वाटेत मागून टिपर आला. सरकारी दवाखान्यात नेलं, पण नेण्यात काही उरलं नव्हतं. "काकांना सांगा ना," ती पोरगी म्हणत होती, "मला सांगता येत नाही."

मी गाडीच्या मधोमध उभी होते. फोन बंद करून मी पिशवीत टाकला. समोर अण्णांची पाठ दिसत होती. आरशात त्यांचे डोळे माझ्याकडेच लागले होते.

"कुणाचा व्हता?"

साठ माणसं होती गाडीत. पुढे चढ, पलीकडून ट्रकांची रांग. मी म्हणाले, "डेपोतून. उद्याच्या ड्युटीचं विचारत होते."

"भागूचा न्हवं?"

"नाही."

"अजून रुसलीय," अण्णा म्हणाले आणि गिअर बदलला.

तिथून सोलापूर स्टँड पाऊण तासावर. तेवढ्यात मी राहिलेली तिकिटं फाडली, सुट्टे पैसे दिले, उतरणाऱ्यांसाठी घंटी मारली. एका म्हातारीला हात देऊन उतरवलं. माझे हात हे सगळं करत होते आणि मी ते बघत होते. अण्णांनी नेहमीसारखं प्रत्येक वळणावर आधी पुरतं बघितलं. गाडी फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला आणि हात पुढे केला. "आणा मोबाइल. आज म्याच लावतो तिला. बापानं किती ताणायचं?"

मी त्यांना तिथे सांगितलं. सीटवर बसलेले असतानाच. काय शब्द वापरले ते मला आठवत नाही, आणि आठवावेत असं वाटतही नाही. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली, खाली उतरले आणि चालू लागले. कुठल्या दिशेला जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. चुकीच्याच बाजूला चालले होते. मी मागे धावले.

महिन्याने अण्णा कामावर आले. मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या, कॉलर गळ्याभोवती ढिली पडली होती. पहिल्याच फेरीत म्हणाले, "बाई, त्या दिशी तुम्ही गाडी उभी राहीस्तोवर सांगितलं न्हाय, ते बरोबर केलं. माणसं व्हती." त्या दिवसाबद्दल ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

सात-आठ दिवस गेले. एका सकाळी कॉलेजची एक मुलगी पुढच्या सीटवर बसली, मांडीवर जाड बॅग. अण्णांनी आरशातून बघितलं आणि विचारलं, "पोरी, कंप्युटरमदलं कळतं का तुला?" ती मुलगी भराभरा सांगायला लागली. एफ असेल तर असं आणि नसेल तर तसं. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं. म्हंजे तुझ्या मतानं एफवाला."

सोलापूरला गाडी रिकामी झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, कशासाठी विचारता आता?"

"मला येड लागल्यालं न्हाय, बाई," ते म्हणाले. "ती न्हाय हे मला ठाव हाय. पण आमचा वाद तसाच ऱ्हायला. तिचं बरोबर व्हतं का माजं? तिचं असंल तर म्या उगाच आडवा पडलो, आन् माज्यापायी ती रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात जायची. माजं बरोबर असंल तर... तर म्या बाप म्हणून केलं ते केलं. येवढं येक मला कळाय पायजे."

त्यानंतर दोन-अडीच महिने त्यांनी असंच विचारत काढले. काही पोरांनी एफ सांगितला, काहींनी बिनएफचा. अण्णा कागदाच्या मागे रेघा मारून ठेवायचे. दोन्ही बाजूंच्या रेघा जवळपास सारख्याच होत्या.

मला ते बघवेना. एक दिवस मी एकटी जाऊन त्या दुकानदाराला भेटले. तरुण माणूस होता, भागूला ओळखायचा. हकिगत सांगितली आणि विनवलं की अण्णा आले तर त्यांना सांगा, तुमचंच बरोबर होतं. तो कबूल झाला. दुसऱ्या दिवशी फेरी आणि फेरीच्या मधल्या वेळात मी अण्णांना तिथे घेऊन गेले. अण्णांनी कागद उलगडून काउंटरवर ठेवला. घड्या पडून तो फाटायला आला होता.

दुकानदार म्हणाला, "काका, तुमचंच बरोबर होतं. बिनएफचाच घ्यायला पाहिजे होता."

मला वाटलं, आता अण्णा सुटतील. ते ताठ झाले. "म्हंजे माजी पोरगी चुकली व्हती?"

"तसं नाही, पण..."

"तिला त्यातलं सगळं कळत व्हतं. तीन वर्षं शिकत व्हती ती. तुमी तिला चुकीची कसं म्हणता?" त्यांचा आवाज चढला. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. बिचाऱ्याला खोटं पुढे रेटता आलं नाही. "काका, खरं सांगू का? फरकच नव्हता. दोन्ही सारखेच. आतल्या दिव्याचा घेतला असता तर तिचं काम लगेच सुरू झालं असतं. एफवाला घेतला असता तर नवीन कार्ड येईपर्यंत मी एखादं जुनं कार्ड असंच लावून दिलं असतं. इथं कितीतरी पडलेली आहेत. कुठलाही घेतला असता तरी दुसऱ्या दिवशी मशीन तिच्या खोलीवर असतं."

अण्णांनी काउंटरला धरलं. "कुठलाबी?"

"कुठलाही, काका."

कुणीतरी स्टूल दिलं. अण्णा बसले नाहीत. कागद तिथेच ठेवून बाहेर पडले. मी त्यांच्या मागोमाग स्टँडवर आले. गाडीत चढताना त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तीबी हेच सांगत व्हती. कुठलाही घ्या म्हणली व्हती."

त्या दिवशी परतीची फेरी त्यांनी केली. पण तुळजापूरला पोचल्यावर अर्ज दिला की यापुढे स्टेअरिंग नको. साहेबांनी समजूत घातली, तरी ते ऐकेनात. डेपोत टायर मोजायच्या कामाला लागले. वांगी घेताना आता ते बघतसुद्धा नसत. भाजीवाली देईल ते पिशवीत टाकून निघून जायचे. माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला, भरधाव चालवणारा. लोक खूश होते.

भागूला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा अण्णा गेले. जळकोटला दारातल्या बाजेवर दुपारचे पडले होते, ते उठलेच नाहीत. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना शेतात बसवून माती दिली. डेपोतली आम्ही सात-आठ माणसं गेलो होतो. पुरुषांनी काम उरकलं, आम्ही बायका महादेवींभोवती बसलो. त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं झालं नाही.

पंधरा दिवसांनी मी एकटीच पुन्हा गेले. महादेवींनी पाणी दिलं, चहा केला, शेजारणीला काहीतरी कानडीत सांगून बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"बाई, येक इचारते. तुमी गाडीवर त्यांच्यासंगं व्हता. खोटं सांगू नका."

"विचारा ना."

"बाप-लेकीचं शेवटी कशावनं बिनसलं व्हतं?"

त्यांना माहीत नव्हतं. वर्षभर एका घरात राहून अण्णांनी बायकोला हे सांगितलंच नव्हतं.

"चार दिस ती त्यांच्याशी बोलली न्हाय," महादेवी सांगत होत्या. "म्या इचारलं, तर म्हणाली, अव्वा, तू यात पडू नको. ह्यांना इचारलं, तर हे म्हणायचे, आमचं आमच्यापाशी. ती गेल्यावर इचारलं, तर उठून बाहेरच जायचे. आन् इतक्या सकाळी ती गाडीवर कुठं चालली व्हती? मैत्रिणीकडं म्हणत्यात. रोज सकाळी कसली मैत्रीण? म्या अडाणी बाई. कुणाला इचारू? इचारलं तर लोकं म्हणणार, आईलाच संशय हाय." त्या थांबल्या. "कुणी पोरगा व्हता का, बाई? त्यावनंच का बापानं बोलणं तोडलं?"

मी सांगितलं. कंप्युटर, ते दोन प्रोसेसर, आतले दिवे, बाहेरचे दिवे. ती सकाळी मैत्रिणीच्या मशीनवर अभ्यासाची चित्रं करायला जायची. अण्णा ठरवू शकत नव्हते. दसऱ्यापर्यंत थांबा असं मीच त्यांना म्हणाले होते, तेही सांगितलं. तामलवाडीच्या झाडाखालचं बोलणं जसं ऐकलं तसं सांगितलं.

"मग?" मी थांबल्यावर महादेवींनी विचारलं.

"मग काही नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

"पोरगा न्हवता कुणी?"

"नव्हता."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. विझत आलेल्या चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाल्या, "आन् म्या वरीसभर तिच्या फोटोकडं तोंड वर करून बघितलं न्हाय, बाई."